राव सरांच्या मोकळ्या जागा

राव सर बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कानाकडे बघत. मी त्या ऑफिसात नवी होते तेव्हा मला वाटलं, आपल्या कानातल्याचं काहीतरी बिघडलंय. मुद्दाम वॉशरूममध्ये जाऊन आरशात बघून आले. मग लक्षात आलं की ते सगळ्यांशीच असं बोलतात. मान जराशी वळवलेली, चेहरा एका बाजूला आणि नजर आपल्या खांद्याच्या वर कुठेतरी. कुणी म्हणे लाजरा माणूस आहे, कुणी म्हणे शिष्ट आहे. मी सांगलीची. नजर चुकवणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, असं आमच्याकडे समजतात. मीही तेच समजले आणि पहिले दोन-तीन महिने त्यांच्यापासून चार हात लांब राहिले.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि मला सिरुसेरीतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. काम होतं परदेशातल्या एका पेन्शन देणाऱ्या संस्थेचा जुना प्रोग्राम सांभाळायचं. त्यातला निम्म्याहून अधिक कोड सेतुमाधव राव या एका माणसाने लिहिलेला होता. पन्नाशी ओलांडलेली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. ज्या धंद्यात चाळिशीच्या माणसाकडे 'हा अजून इथे कसा' असं बघतात, तिथे ते नुंगंबाक्कमहून कंपनीच्या पहिल्या बसने येत आणि आम्ही पोचायच्या आधी त्यांचं बरंच काम उरकलेलं असे.

एकदा कँटीनमध्ये मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "तुम्ही कोणच्या गांवचें, अम्मा?"

मी दचकून मागे बघितलं. राव सर, नेहमीप्रमाणे माझ्या कानाकडे बघत. "तुम्ही मराठी?" मी म्हटलं.

"आमचें घर तंजावरचें. त्याआधींचें गांव कोणचें, तें आमच्या आजोबालाही ठाऊक नव्हतें. पण घरांत हेंच बोलतों. तुम्ही फार वेगांत बोलतां, आम्हांला अर्धेंच कळतें."

पोथीतला माणूस उठून सांबार-भात खायला बसला आहे असं मला वाटलं, आणि हसू आवरेना. त्यांनाही माझं मराठी विनोदी वाटत होतं. मी 'टेन्शन आलंय' म्हटलं की ते म्हणत, "तें मराठी नव्हे. 'जीव दडपला' म्हणा." बाकी सगळं ऑफिस त्यांना 'राव सार' म्हणे. मी एकदा काका म्हणून बघितलं, तर म्हणाले, "इथें नको. घरीं आलां की म्हणा." ऑफिसात मी सरच म्हणत राहिले.

त्यांच्या कोडबद्दल सांगायचं तर आधी एक गोष्ट सांगायला हवी. प्रोग्राम लिहिताना ओळ कुठे मोडायची, किती जागा सोडायची, याचं यंत्राला काही सोयरसुतक नसतं. सगळं एका ओळीत कोंबलं तरी ते बिनतक्रार चालतं. रचना असते ती माणसासाठी. आणि राव सरांची रचना म्हणजे विचारू नका. एकाखाली एक वीस ओळी असतील तर त्या विसांतली बरोबरची (=) चिन्हं ओळंब्यात असायची. टिपा उजव्या बाजूला, एका उभ्या रेषेत. एक काम संपून दुसरं सुरू होताना दोन ओळी मोकळ्या, आणि जिथे पैशाचा हिशोब सुरू होतो तिथे तीन. हे सगळं हाताने, स्पेसबार दाबून दाबून. मी एकदा म्हटलं, "सर, एवढ्या वेळात दुसरं काम झालं असतं." तर म्हणाले, "जागा सोडणें हें पण लिहिणेंच, अम्मा."

आणि त्यांची करामत मी डोळ्यांनी बघितली आहे. प्रभू नावाचा आमच्यातला एक मुलगा सकाळपासून एका चुकीपाशी अडला होता. हुशार, पण घायकुता. राव सर हातात कॉफीचा पेला घेऊन त्याच्या मागून चालले होते. चार पावलांवर थांबले, मान वळवली आणि तमिळमध्ये म्हणाले, "खालच्या बाजूला एक दात पडलाय बघ." प्रभूने बघितलं तर एका ओळीनंतर कंस मिटवायचा राहिला होता आणि त्याखालचं सगळं जरा आत सरकलं होतं. राव सर पुढे निघूनही गेले. प्रभू सगळ्यांना सांगत सुटला की सार अक्षरं वाचत नाहीत, वास घेतात. त्यातला पहिला भाग किती खरा होता, हे त्याला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

आणखी एक खोड. त्यांच्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी असायची. आमच्यापैकी चष्मेवाले अक्षर मोठं करून बसत, हे उलट बारीक करत, म्हणजे अख्खं पान एका नजरेत मावे. चेष्टा व्हायची. सार आता कोड विमानातून बघतात, असं निवेदिता म्हणायची. निवेदिता आमची टीम लीड. राव सरांनीच तिला हाताखाली तयार केलं होतं, आणि ती त्यांना मानायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही.

नव्या मुलांची भांडणं वाढली होती. एक जण चार जागा सोडणार, दुसरा दोन, तिसरा कंस खालच्या ओळीत नेणार. कामापेक्षा यावरच जास्त चर्चा. तेव्हा निवेदिताने ठरवलं की फॉरमॅटर बसवायचा. आम्ही ज्यात कोड लिहितो त्या एडिटरमध्येच तो असतो. तुम्ही कसंही लिहा, सेव्ह केलं की क्षणात सगळी फाइल ठरलेल्या साच्यात बसते. जगभर लोक तेच वापरतात आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. उगाच खोटं कशाला बोला.

मीटिंगमध्ये राव सर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. नव्या कामाला काय ते लावा, जुन्याला हात नको. कारण विचारलं तर म्हणाले, "तो जसा आहे तसाच मला वाचता येतो."

"सार, हा फॉरमॅटर वाचणं सोपं करतो," निवेदिता म्हणाली.

"तुम्हाला."

मागून कोणीतरी हसत म्हणालं, "एन्न सार, स्पेसुक्का सण्डै?" म्हणजे काय सर, मोकळ्या जागेसाठी भांडण? सगळे हसले. मीही हसले असेन. राव सरांनी मान फिरवून त्या आवाजाच्या दिशेला बघितलं आणि ते खाली बसले.

शेवटी तडजोड झाली. राव सरांचा जुना, हिशोबाचा विभाग फॉरमॅटरने वगळायचा. वगळायच्या फोल्डरांची नावं एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते. ती फाइल त्यांनी स्वतः लिहिली, आणि बाकीच्यासाठीचे नियमही त्यांनीच बसवून दिले, कारण त्यातलं त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. ते काम त्यांनी इतकं नीट केलं की निवेदिताने सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. एका शुक्रवारी तो फॉरमॅटर चालला आणि सोमवारी आम्ही आलो तेव्हा सगळ्यांचा कोड एका हाताचा झाला होता. फक्त राव सरांचा तेवढा वेगळा राहिला.

काही महिने बरे गेले. मग परदेशातून एक बदल आला: नवरा वारल्यावर बायकोला मिळणाऱ्या पेन्शनचा एक नियम बदलायचा. दोन-तीन ओळींचं काम, जुन्या विभागातलं. ते प्रभूकडे गेलं. त्याने घाईत एडिटरमध्ये सगळा प्रकल्प न उघडता फक्त आतला तो एक फोल्डर उघडला. वगळायची यादी होती वरच्या फोल्डरमध्ये. आतून ती एडिटरला दिसलीच नाही. त्याने तीन ओळी बदलल्या, सेव्ह केलं, आणि राव सरांची सगळी फाइल डोळ्यांदेखत डावीकडे सरकून साच्यात बसली. प्रभूला त्यात काही वावगं वाटलं नाही. सेव्ह केलं की असंच होतं, हेच तर आम्ही त्याला शिकवलं होतं.

आमच्याकडे एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासून पास करायचा असतो. जुन्या विभागाचे तपासनीस राव सर. त्यांच्यापुढे आलं ते तीन ओळींचं काम नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी फाइल लाल-हिरवी झालेली, जुनं गेलेलं लाल आणि नवं आलेलं हिरवं. ओळीसुद्धा नव्या जागी मोडलेल्या, त्यामुळे मोकळ्या जागा सोडून बाकीचा फरक दाखव म्हटलं तरी उपयोग नाही. त्या गर्दीत प्रभूच्या तीन ओळी होत्या आणि त्यांतल्या एकीत अट उलटी पडली होती. ज्यांना पेन्शन द्यायचं त्यांना नाही, असं झालं होतं.

राव सर अर्धा दिवस त्या फाइलपुढे बसून होते. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "तुम्ही जा." संध्याकाळची बस निघायच्या आधी त्यांनी ते पास केलं.

पुढच्या महिन्यात तिकडच्या कितीतरी विधवा बायकांचं पेन्शन बंद झालं. आधी कळलं नाही. मग तक्रारींचा लोंढा आला आणि त्यांतल्या काही इकडे आम्हाला पाठवल्या गेल्या. एका बाईने लिहिलं होतं की तिने थंडीत घर तापवणं बंद केलंय. चेन्नईच्या उकाड्यात एसीत बसून आम्ही ते वाचलं. प्रभू ढसाढसा रडला.

चौकशीला वरचे दोन साहेब आले होते. निवेदिताने फाइल भिंतीवर मोठी करून लावली. एका साहेबाने अगदी सभ्यपणे विचारलं, "मिस्टर राव, तुम्ही हे पास केलंत. ही जी पिवळी केलेली ओळ आहे, ती जरा वाचून दाखवाल?"

राव सर उभे राहिले. मान वळवली. भिंतीच्या कडेला बघत राहिले. मग त्यांनी ओळ म्हणून दाखवली, न अडखळता, शब्दनशब्द. फक्त ती भिंतीवरची ओळ नव्हती. ती जुनी ओळ होती, त्यांनी स्वतः पूर्वी कधीतरी लिहिलेली, जिच्यात अट बरोबर होती.

साहेबांना वाटलं चुकून दुसरीकडचं वाचलं, ते म्हणाले, "नो, नो, द येलो वन." राव सरांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी हळू. निवेदिता माझ्या शेजारी होती. तिने प्रोजेक्टर बंद केला.

मग सगळं बाहेर आलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, गेली पाच-सहा वर्षं. कडेचं दिसतं, मधलं जातं. माणूस चालू शकतो, जिना चढू शकतो, पेल्यात कॉफी ओतू शकतो, कोणाला पत्ता लागत नाही. ज्याच्याकडे सरळ बघावं, तेच फक्त नाहीसं होतं. म्हणून ते आमच्या कानाकडे बघत. कानाकडे बघितलं की आमचं तोंड दिसे.

"अक्षरें गेलीं," त्यांनी मला नंतर बसमध्ये सांगितलं. "आकार राहिला. कोणची ओळ कुठें पुढें येते, कुठें खळगा आहे, तें दिसायचें. मधलें मला पाठ होतें. नवें कांहीं आलें तर सकाळीं कोणी नसतांना अक्षर हाताएवढें मोठें करून बघायचा मी. एकेक अक्षर. तिघे-चौघे आले की पुन्हा बारीक."

"आणि प्रभूचं ते?"

"तें फार होतें. इतकें मोठें करून बघायचें तर आठवडा लागता. उशीर कां, म्हणून विचारतील, असें वाटलें. प्रभू चांगला मुलगा आहे, बरोबर केलें असेल, म्हणून…" ते थांबले. "भय वाटलें, अम्मा."

मला राग आला. त्यांचा, आमचा, सगळ्यांचाच. "सर, सांगायचं तरी होतं. आम्ही काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"तुम्ही नाहीं. पण सुंदरमचा हात कांपायला लागला तेव्हां काय झालें?"

सुंदरम मी येण्याआधी तिथे होते. त्यांना म्हणे हलकं काम दिलं, मग काहीच काम दिलं नाही, मग ते दिसेनासे झाले. राव सरांना निवृत्तीपर्यंतची थोडीच वर्षं काढायची होती. या वयात, या डोळ्यांनी दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं. म्हणून त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुळसाबाईंना वाटे, नवऱ्याला आता वर्तमानपत्राचा कंटाळा येतो.

कंपनीने गोड बोलून त्यांचा राजीनामा घेतला. तब्येतीचं कारण. डोळ्यांमुळे कोणाशी असा भेदभाव करता येत नाही, तसा कायदा आहे. मी शोधून काढून तो त्यांना वाचून दाखवला आणि म्हटलं, लढा. मी येते साक्षीला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "त्या बाईनें थंडींत घर तापविलें नाहीं. तें पास मी केलें की नै? मग कोणच्या तोंडानें लढूं?" मी कायद्याचा तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. प्रभूला एक ताकीद मिळाली, आणि जुन्या विभागाचं नाव वगळायच्या यादीतून काढून टाकण्यात आलं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी एकदाच गेले. मार्गळीचा, म्हणजे साधारण आपल्या मार्गशीर्षाचा महिना होता, त्या गल्लीत दारोदार मोठमोठी कोलमं, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळ्या, काढलेली. तुळसाबाईंनी दार उघडलं. लहानखुऱ्या, हसऱ्या बाई. आत बसवून कॉफी दिली आणि हळूच म्हणाल्या, "सगळा दिवस त्या पेटीशीं बोलतात. पेटी पण बोलते."

राव सर खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काका, मी वैशाली." त्यांनी मान वळवली नाही. आता कडाही गेल्या होत्या. चेहरा सरळ माझ्या दिशेला ठेवून बोलणारे राव सर मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते मला सोसेना.

एका संस्थेने त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकवला होता. त्याच्यावर ते आपला एक जुना कोड दुरुस्त करत होते. ऑफिसचा नव्हे, घरचा. तुळसाबाईंसाठी पूर्वी लिहिलेला: किती ठिपके ते सांगितलं की कोलम काढून देणारा. तुळसाबाईंना यंदा मोठं हवं होतं आणि मोठं मागितलं की तो बंद पडत होता. चूक कुठे आहे ते काही केल्या सापडेना.

"ऐका," ते म्हणाले आणि बाणाची कळ दाबत एका ओळीवरून पुढे निघाले. यंत्राचा बाईचा आवाज म्हणू लागला, स्पेस. स्पेस. स्पेस. स्पेस. एक शब्द आला, पुन्हा स्पेस, स्पेस, स्पेस. बरोबरच्या चिन्हापाशी पोचेपर्यंत ओळ कशाची होती तेच विसरायला होत होतं. ती त्यांनीच ओळंब्यात लावलेली चिन्हं होती.

"माझ्याच जागा," ते म्हणाले. "एका बाजूनें दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत जीव दडपतो. निवेदिताला फोन केला होता. तिनें तो फॉरमॅटर इथें बसवून दिला. आज सकाळीं येऊन गेली." त्यांनी बोटं किबोर्डवर ठेवली, मग काढून घेतली. "अम्मा, एक काम. फाइल वरून खालपर्यंत एकदां बघून घ्याल? मग मी सेव्ह दाबतों."

मी खुर्ची पुढे ओढली. अक्षर बारीक केलं, ते करायचे तसं, आणि अख्खं पान नजरेत घेतलं. मला त्यातली चूक शोधायची नव्हती आणि मी ती शोधलीही नाही. ठिपक्यांचे आकडे रांगेने उभे होते, टिपा उजवीकडे, मधे मोकळ्या ओळी. स्वयंपाकघरात तुळसाबाईंनी नळ बंद केला. मी शक्य तेवढा वेळ लावला.

"बघितलें?"

"बघितलं, काका."

त्यांनी सेव्ह दाबलं, आणि यंत्रातली ती बाई न थांबता वाचू लागली.